भंडारदऱ्याचं काजवा कॅम्पिंग: १९,६०० रुपये गेले, तुम्ही तरी सावध राहा

भंडारदऱ्याला काजवे बघायला टेंट बुक करणार असाल तर आधी हे वाचा, मग जीपे उघडा. आमचे १९,६०० रुपये गेलेत आणि त्यातला एक रुपयाही परत आलेला नाही.

प्रकार नेहमीचाच. इन्स्टावर पेज, भरपूर फॉलोअर, खाली "मस्त अनुभव" वगैरे कमेंट. रतनगडाच्या पायथ्याशी कॅम्पसाइट, टेंट, बार्बेक्यू, रात्रीचं जेवण, सकाळी पोहे आणि गाइडसोबत ट्रेक, माणशी १,५००, मुलांना निम्मे. आम्ही सहा मोठे आणि दोन मुलं, १०,५०० झाले. आधी अर्धे म्हणून ५,२५० घेतले. मग "आज फुल पेमेंट केलंत तर ५०० कमी करतो" म्हणून ४,७५०. मग फॉरेस्टची परवानगी, माणशी २०० प्रमाणे १,६००. आणि निघायच्या आदल्या रात्री चार टेंटचं डिपॉझिट, टेंटमागे २,०००, "चेकआउटला लगेच परत", ते ८,०००. फॉरेस्टची फी तिथे नाक्यावर भरायची असते आणि हातात पावती मिळते, कुणी व्हॉट्सॲपवर मागितली की तिथेच फोन ठेवा.

पण मला सगळ्यात जास्त चीड येते ती त्या व्हिडिओची. "कालच शूट केलाय ताई" म्हणून पाठवला, त्यात टेंटभोवती हिरवंगार गवत, मागे कड्यावरून पाणी कोसळतंय, धुकं. मे महिन्याच्या शेवटी! सह्याद्री मे महिन्यात कसा दिसतो हे मला माहीत नाही असं नाही, कळसूबाई केलंय, हरिश्चंद्रगड पाचनईकडून केलाय, तेव्हा गवत वाळून पिवळं आणि धबधबे ठणठणीत कोरडे असतात. काजवे दिसतात ते पाऊस लागायच्या तोंडावर, एकदा धो धो सुरू झाला की संपलं. म्हणजे काजव्यांचा सीझन आणि तसला धबधबा एका वेळी असूच शकत नाही. तो व्हिडिओ मी ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी हार्ट दिले, आठजणांपैकी एकालाही हे सुचलं नाही.

आणि हो, पैसे वेगवेगळ्या नावांवर गेले, एकदा कुणा माणसाच्या, एकदा कुठल्यातरी मोबाईल शॉपीच्या. "बघायला नको का" असं आता जो तो ऐकवतो. अरे पण गावाकडे खऱ्या होमस्टेवालेसुद्धा भाच्याच्या नाहीतर शेजाऱ्याच्या नंबरवर पैसे घेतात, तिथे धड रेंज नसते, आम्ही स्वतः असे पैसे दिलेत आणि जागाही मिळालीय. मग संशय कसा येणार?

भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावात पोचेपर्यंत त्या पेजवाल्याचा फोन चालू होता, "या या, चहा ठेवलाय" म्हणाला. त्यानंतर स्विच ऑफ. लोकेशनवर गेलो तर राब (पालापाचोळा) भाजून काळं पडलेलं भाताचं खाचर, बाजूला कुंपणाला अडकलेली प्लास्टिकची पिशवी, बाकी काही नाही. अंधार पडत आलेला, मुलं भुकेली. रतनवाडीतल्या एका काकांनी अंगणात जागा दिली, पिठलं-भाकरी दिली. ते म्हणाले, "ताई, ही जागा आमच्याकडची नाहीच. तुमच्यासारखे बरेच येतात विचारत."

आता पोलिसांचं ऐका. तिथल्या पोलीस स्टेशनात सांगितलं, पैसे ठाणे शहरातून पाठवलेत ना, मग तिकडे तक्रार करा. इकडे आलो तर म्हणे घटना तिकडची. मग म्हणे सायबरला जा. सायबरला साहेब मीटिंगमध्ये. एक हवालदार तर तोंडावर म्हणाला, "शिकलेल्या बायका तुम्ही, असे पैसे पाठवता?" मी गुन्हेगार आहे का? झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घ्यावा लागतो, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्दीचं कारण चालत नाही असं स्पष्ट आहे. हे मी त्यांना सांगितलं तर "मॅडम कायदा शिकवू नका". बँकेचं एकच पालुपद, पिन तुम्हीच टाकला. अहो पिन मी टाकला, पण ज्या खात्यात पैसे गेले ते उघडताना केवायसी तुम्हीच करता ना? त्या माणसाचा पत्ता तुमच्याकडेच आहे! तक्रारीचा रिसीट नंबर मिळालाय, स्टेटस "अंडर प्रोसेस", फोन केला की लाइन कट.

पैसे गेले की पोलीस स्टेशनात धावण्याआधी १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा, तेही त्याच तासात, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकले की गोठवणं अवघड होतं. आम्ही आधी त्या माणसालाच फोन करत बसलो, तेवढ्यात त्याने काय करायचं ते केलं. प्रत्येक पेमेंटचा १२ आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा नंबर, लिहून ठेवा, चॅट डिलीट करू नका, त्याने ब्लॉक करायच्या आत स्क्रीनशॉट घ्या. बुकिंगआधी व्हिडिओ कॉल करून आत्ताची जागा दाखवायला सांगा, "रेंज नाही" म्हणाला तर सोडून द्या. डिपॉझिट आगाऊ कधीच नाही. सरळ रतनवाडी नाहीतर साम्रदच्या गाववाल्यांकडे राहा, ट्रेक करणाऱ्या कुणाकडूनही नंबर मिळतात, आणि पैसे त्यांच्या दारात उभं राहून द्या.

ते पेज आता नाव बदलून चालू आहे, व्हिडिओ तोच, रेट माणशी १,३००. रिपोर्ट करून करून थकले, अजून उतरलेलं नाही. कुणी नुकतेच पैसे भरले असतील तर आत्ताच्या आत्ता १९३० लावा.