फुजी बघायचा तर हाकोने की कावागुचिको?

टोकियोहून फुजी बघायला निघालं की दोन नावं हमखास कानावर येतात. टोकियोतल्या शिंजुकू स्टेशनहून दोन्हीकडे साधारण दीड-दोन तासांत पोचता येतं, तेव्हा अंतरावरून काही ठरत नाही. ठरतं ते ढगांवरून.

३,७७६ मीटर उंचीचा हा डोंगर उन्हाळ्यात दिवसच्या दिवस तोंड दाखवत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी असते, आकाश स्वच्छ असतं. तेव्हासुद्धा सकाळी लवकर बघून घ्यावं, कारण दिवस चढेल तसे शिखराभोवती ढग जमू शकतात.

कावागुचिको हे फुजीच्या उत्तर पायथ्याच्या पाच सरोवरांपैकी एक. इथून डोंगर जवळजवळ अख्खा दिसतो. वारा पडलेला असला तर उत्तर काठावरून पाण्यातलं उलटं प्रतिबिंबही मिळतं. पाच मजली चुरेइतो पॅगोडा आणि मागे फुजी हे फोटोत पाहिलेलं दृश्य शिमोयोशिदा स्टेशनजवळचं. त्यासाठी सुमारे चारशे पायऱ्या चढाव्या लागतात आणि चेरी फुलण्याच्या दिवसांत तिथे तोबा गर्दी असते. मला त्यापेक्षा आओकिगाहारा जास्त आवडतं. ८६४ साली झालेल्या फुजीच्या उद्रेकाच्या लाव्ह्यावर हे जंगल वाढलंय. त्याच लाव्ह्याने एका मोठ्या सरोवराचे तुकडे केले, आजची सायको आणि शोजिको ही सरोवरं त्यातूनच उरली. जंगलातल्या थंडगार गुहा ढगाळ दिवशीही बघता येतात. बाकी फुजी झाकलेला असला तर कावागुचिकोचा दिवस बराचसा वाया जातो. म्हणून इथे यायचं तर एक रात्र मुक्काम हवाच. संध्याकाळ हुकली तर निदान सकाळ हाताशी राहते.

हाकोने हा स्वतःच एक ज्वालामुखी आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आशी सरोवर त्याच्याच विवरात आहे. तिथल्या ओवाकुदानी या ठिकाणी जमिनीतून गंधकाच्या वाफा निघतात, तिथल्या गरम पाण्यात उकडून कवच काळं झालेली अंडी विकतात. एक खाल्लं की आयुष्य सात वर्षांनी वाढतं म्हणे! डोंगर अजून जागा आहे. २०१५ मध्ये इथे छोटा उद्रेक झाला आणि रोपवे बंद ठेवावा लागला. वायूचं प्रमाण किंवा वारा वाढला तर तो आजही थांबवतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी.

हाकोनेची मजा फिरण्यात आहे. घाटात तीनदा दिशा उलटवत चढणारी छोटी रेल्वे, मग केबल कार, रोपवे, शेवटी सरोवरातली बोट, आणि हे सगळं एकाच पासवर. उघड्यावरचं शिल्पसंग्रहालय आहे, गरम पाण्याची कुंडं आहेत. आईवडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर मी डोळे झाकून हाकोने सांगेन. फक्त फुजी इथून दूर पडतो. सरोवराकाठून दिसलाच तर मधल्या डोंगरांवरून वरचा भाग तेवढा डोकावतो.

चढाई करायची असेल तर हाकोनेचा विचारच सोडा. कावागुचिकोहून बस फुजीवर चढणाऱ्या योशिदा वाटेच्या पाचव्या टप्प्यापर्यंत, सुमारे २,३०० मीटरवर नेते. हंगाम जुलै ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. २०२५ पासून माणशी ४,००० येन शुल्क आहे, आणि वरच्या मुक्कामाच्या झोपडीत जागा राखलेली नसेल तर दुपारी दोन ते पहाटे तीन फाटकातून आत सोडत नाहीत. म्हणजे चढायचा हंगाम नेमका खालून बघायला सगळ्यात वाईट. एकाच सहलीत दोन्ही साधायचा हट्ट नको.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना: कावागुचिकोकडचे ‘होतो’ नावाचे नूडल्स भोपळा आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण) घालून करतात, पण रस्सा बहुधा माशाच्या अर्काचा असतो. विचारूनच मागवा.

हिवाळ्यात जात असाल, हाताशी दोन दिवस असतील आणि फुजी हेच कारण असेल तर कावागुचिको. एकच दिवस किंवा पावसाळी हवा असेल तर हाकोने. आणि पुढे क्योतोला शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, जाणार असाल तर उजव्या बाजूची खिडकी मागून घ्या. टोकियो सोडल्यावर पाऊण तासाच्या आसपास, शिन-फुजी स्टेशनच्या जवळ, हवा साफ असली तर फुजी तिथूनही झकास दिसतो.