मांजराला ताटातलं काय द्यावं? दूध-भाकरी, अंडं, चिकन आणि मासा

सोलापुरात घरी मांजर आणलं की शेजारून पहिला सल्ला येतो, "दूध-भाकरी कुस्करून घाला, बास." आमच्या आजीनंही आयुष्यभर हेच घातलं आणि तिची मांजरं धडधाकट होती. पण ती मांजरं दूध-भाकरीवर जगत नव्हती. कणगीपाशी मारलेल्या उंदरांवर जगत होती, दूध-भाकरी वरची. आता तिसऱ्या मजल्यावर, जाळी लावलेल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मनीला उंदीर कुठून मिळणार?

सगळा फरक इथंच आहे. मांजर मांसाहारावरच जगणारं जनावर आहे. टॉरिन नावाचा घटक त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, तो मांस-मासळीतूनच मिळावा लागतो. तो कमी पडला की हळूहळू डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदयाचे स्नायू कमजोर होतात. ज्वारीत टॉरिन नाही, दुधात असून नसल्यासारखं. त्यामुळे भाकरीनं पोट भरतं, पण गरज भागत नाही.

दुधाची अडचण आणखी वेगळी. पिल्लू मोठं झालं की बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही. आमच्या मनीला मी पहिले दोन महिने म्हशीचं दूध प्रेमानं पाजलं आणि रोज सकाळी तिच्या वाळूच्या टबात पातळ शी साफ केली. दूध बंद केलं, चार दिवसांत शी घट्ट झाली. शिवाय 100 मिली म्हशीच्या दुधात 100 च्या वर कॅलरी असतात. चार किलोच्या घरातल्या मांजराला दिवसाला साधारण 200 ते 250 पुरतात, म्हणजे वाटीभर दुधात निम्मा दिवस संपला. दह्यात ही साखर कमी असते, चमचाभर साधं दही चालतं. फोडणीचं ताक मात्र नको.

अंडं दुधापेक्षा केव्हाही बरं. उकडलेलं, बिनमिठाचं. कच्चं देऊ नका, कच्च्या पांढऱ्यातला एक घटक बायोटिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू देत नाही. अख्खं अंडं 70 कॅलरीच्या आसपास जातं आणि रोजच्या जेवणाशिवायचं वरचं खाणं दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या भागापुरतंच असावं, म्हणून पाव ते एक तृतीयांश अंडं पुरे. अंड्यात प्रथिनं उत्तम, टॉरिन मात्र फारसं नाही.

माझ्या मते पहिला नंबर उकडलेल्या चिकनचा, आणि त्यातही छातीपेक्षा तंगडीचा. तंगडीच्या गडद मांसात टॉरिन बरंच जास्त असतं. शिजवताना त्यातलं काही पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी फेकू नका. गार करून वाटीत द्या. मे महिन्यात इथं पारा 42-43 वर जातो, मांजरं मुळातच पाणी कमी पितात, तेव्हा हे पाणी त्यांना फार उपयोगी पडतं. हाड एकही नको. शिजलेलं हाड चिरफळतं आणि घशात किंवा आतड्यात रुततं.

मासा आठवड्यातून एकदा ठीक, तोही शिजवलेला. काही कच्च्या माशांतला घटक ब1 जीवनसत्त्व नष्ट करतो, शिजवल्यावर तो धोका राहत नाही. उजनीची चिलापी किंवा रोहू आणलात तर काटे बोटांनी चाचपून काढावे लागतात, दिव्याखाली बसून. रोहूचे बारीक दुफाट्याचे काटे डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना लागतात. सुकट, सुके बोंबील बहुधा खारट असतात, ते टाळाच.

पण चिकन की मासा, यापेक्षा आपल्याकडे खरा घात वाटण करतं. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात. कच्चे, भाजलेले, वाळवून काळ्या मसाल्यात कुटलेले, सगळे सारखेच, आणि लसूण कांद्याहून जास्त बाधतो. रश्शातला तुकडा पाण्यानं धुऊन दिला तरी आत मुरलेलं जात नाही. शेंगाचटणीतही लसूण असतोच, म्हणून चटणी लागलेला भाकरीचा तुकडासुद्धा नको. त्रास लगेच दिसत नाही, काही दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते, धाप लागते. असं दिसलं तर घरगुती उपाय न करता थेट जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. द्राक्षं आणि बेदाणेही लांब ठेवा, त्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी झालेली आहेत. नाहीतरी मांजराला गोड चव कळतच नाही.

म्हणून रविवारी मी चिकन दोन भांड्यांत शिजवते. लहान पातेल्यात नुसतं पाणी आणि तंगडीचा एक तुकडा, मीठसुद्धा नाही. वाटण मिक्सरमध्ये फिरेपर्यंत तो तुकडा गार होतो, मी हाड काढून त्याचे धागे सोडवते, चमचाभर होतात, साधारण 15 ग्रॅम. मनी तोवर ओट्याखाली शेपटी गुंडाळून बसलेली असते.

घरात मांसमच्छी शिजतच नसेल तर दूध-भाकरीनं ती जागा भरू नका. "संपूर्ण आहार" असं लिहिलेलं मांजरांचं तयार खाणं रोजचं ठेवा आणि अंडं चालत असेल तर वरचं म्हणून अंडं. चिकन शिजतं त्या घरांनीही रोजचं जेवण हे तयार खाणंच ठेवावं, कारण नुसत्या चिकनमध्ये कॅल्शियम पुरत नाही.