साडेचारशेचा खिशातला वजनकाटा : नाणी जमवणाऱ्यांनी घ्यावा का?

तर घेतला बाबा शेवटी. ऑनलाइन साडेचारशेला पडला, मोबाइलपेक्षा थोडा जाड, २०० ग्रॅमपर्यंत मोजतो आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत आकडा दाखवतो. कंपनीचं नाव मी सांगत बसत नाही कारण असे पन्नास काटे मिळतात आणि सगळे एकाच साच्यातले वाटतात, नुस्तं स्टिकर वेगळं.

घ्यायचं कारण आमची आजी. सेलूकडं आमचं गाव, तिथं तिच्या पितळी डब्यात १७ चांदीचे रुपये आहेत, सासूनं दिलेले. इंग्रजांचे ३ राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचे) अन् ४ राजाछाप, आणि १० चारमिनारवाले निजामाचे. आमच्या इकडचं जुनं माणूस इंग्रजांचा रुपया म्हणत नाही, कलदार म्हणतं, आणि निजामाचा तो हाली.

पहिला राणीछाप ठेवला, ११.५८. ठीक आहे, मूळ वजन ११.६६ म्हणजे बरोबर एक तोळा, थोडा झिजला असणार. मग हाली ठेवला तर ११.१२. दुसरा ११.०९. तिसरा ११.१५. माझं तोंडच उतरलं, म्हणलं आजीच्या सासूला कुणी फसवलं की काय, आणि आजीला हे सांगायचं कुणी. रात्री बसून शोधलं तेव्हा कळलं की हालीचं मूळ वजनच ११.१८ असतंय, आणि चांदी ८१.८ टक्के, कलदारात ९१.७. आता आजी कायम म्हणती "सात हालीला सहा कलदार", हे लहानपणापासून ऐकायलोय पण हिशोब कधी केला नव्हता. केला. सात हालीत चांदी ६४ ग्रॅम, सहा कलदारात ६४ च्या जरासं वर! साडेचारशेच्या काट्यानं अंगावर काटा आणला राव.

पण खरी मजा पाण्याची आहे. कागदी कपात पाणी घ्यायचं, कप काट्यावर ठेवायचा, टेअरचं बटण दाबून शून्य करायचं आणि नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबकळत सोडायचं, पूर्ण बुडलं पाहिजे पण तळाला अन् कडेला टेकायचं नाही. जो आकडा येतो तो नाण्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचा. नाण्याच्या कोरड्या वजनाला त्यानं भागलं की घनता. माझ्या राणीछापचा आकडा १.१२ आला, म्हणजे १०.३, चांदी पक्की. (शुद्ध चांदी १०.४९, तांबं ८.९६.) १९४४ चा राजाछाप वजनाला ११.६२, एकदम चोख, पण पाण्यात १.२२ दाखवला म्हणजे घनता ९.५ च. तो खोटा नाही, १९४० पासून सरकारनंच रुपयात चांदी निम्म्यावर आणली आणि बाकी तांबं, निकेल, जस्त घातलं. वजन तेवढंच ठेवलं म्हणून नुस्त्या काट्यावर हे सापडतच नाही.

आणि माझा स्वतःचा गाढवपणा. गेल्या साली एका यात्रेत चादरीवर मांडून बसलेल्या माणसाकडून १८६२ ची राणीछाप स्वस्तात मिळाली म्हणून उड्या मारत घेतली होती. चुंबक लावून बघितलं, चिकटलं नाही, झालो खूश. काट्यावर १०.१२ आणि पाण्यात १.१६, म्हणजे ८.७. जर्मन सिल्व्हर निघालं! तांबं, निकेल, जस्त, चांदीचा कण नाही त्यात, आणि त्याला चुंबक चिकटतच नाही. चुंबकाचा उपयोग एवढाच की लोखंड पकडतंय, किंवा १९४७ चा वाघवाला रुपया, तो शुद्ध निकेलचा आहे म्हणून टचकन चिकटतो. कुणी चांदीचा म्हणून विकायला लागला तर लगेच कळतंय.

आता काट्याचे दोष सांगतो. झाकण दुसऱ्याच दिवशी बिजागरीतून निघालं. ६० सेकंदांत आपोआप बंद होतो, दोरा धरून बसलं की नेमका तेव्हाच. पंखा चालू असला तर आकडा नाचतो, आणि आमच्याकडं मे महिन्यात पंखा बंद करून बसायचं म्हणजे काय ते तुम्हाला माहितंय. स्टीलचा ग्लास भरून ठेवला तर २०० च्या वर जाऊन एरर देतो, म्हणून कागदी कप. कॅलिब्रेशनचं १०० ग्रॅमचं वजन सोबत दिलंच नाही, मी जुना पाच रुपयाचा जाड ठोकळा ठेवून बघतो, तो ९ ग्रॅमचा असतो, मला ८.९८ दाखवला, चालतंय.

आणि एक, पाण्याचा आकडा शंभरातल्या एकानं मागंपुढं झाला तरी घनता ०.१ नं हलते, त्यामुळं हाली आणि कलदार ह्यांच्यातला फरक असा पकडायला जाऊ नका. चांदी आहे का नाही एवढंच विचारा त्याला. पाचपैकी चार, एक झाकणाचा कापला.

पाण्यातून काढल्यावर नाणं सुती फडक्यानं टिपायचं, घासायचं नाही. आमच्या चुलतीनं त्यातला एक हाली दिवाळीत चिंच लावून लख्ख घासलाय, आता तो जर्मनच्या (म्हणजे ॲल्युमिनियमच्या) ताटलीसारखा दिसायलाय.