याकुशिमा की तोमोनोउरा? जपान ट्रिपमध्ये एकच बसत असेल तर

घिबली स्टुडिओच्या, म्हणजे हायाओ मियाझाकींच्या ॲनिमेशन पिक्चरमधल्या जागा बघायच्या म्हणून जपानचा प्लॅन करणारे बरेच जण शेवटी एकाच ठिकाणी अडकतात. टोकियो, क्योटो, ओसाका ठरलेलं असतं, घिबली म्युझियमची तिकिटं सुटतात म्हणून महिन्याच्या दहा तारखेला लॅपटॉप उघडून बसायची तयारी असते, आणि मध्ये दोन-तीन दिवस मोकळे राहतात. मग कोणी म्हणतं याकुशिमा बेटावर जा, 'प्रिन्सेस मोनोनोके'चं जंगल, कोणी म्हणतं एवढ्या लांब कशाला, फुकुयामाजवळ तोमोनोउरा आहे ना, 'पोन्यो'चं गाव. (तैवानचं ज्युफेन, लोक ज्याला 'स्पिरिटेड अवे'चं गाव म्हणतात, ते मी यात धरत नाही. मियाझाकींनी स्वतःच त्याला नाही म्हटलंय, तिथे जायचं तर चहासाठी जा.)

मी दोन्हीकडे गेलोय. याकुशिमा 2018 च्या नोव्हेंबरात एका मित्राबरोबर, तोमोनोउरा 2024 मध्ये बायको आणि मुलीबरोबर. दुसऱ्या वेळी खरं तर परत याकुशिमाच करायचं चाललेलं, मुलीला जंगल दाखवायचं म्हणून, आणि बुकिंगच्या आदल्या रात्री मी पलटी मारली. का मारली ते सांगतोच, पण आधी एक कबूल करून टाकतो: दोन्हीत जास्त भारी काय असं विचारलंत तर याकुशिमा. फक्त भारी जागा आणि आपल्या ट्रिपमध्ये नीट बसणारी जागा एकच असेल असं आपण धरून चालतो, तिथे गडबड होते.

तर याकुशिमा. बघायचं ते शिराताणी उन्सुइक्यो, म्हणजे दरीतलं शेवाळाचं जंगल. 1997 च्या पिक्चरच्या आधी मियाझाकी आणि चित्रं काढणारी टीम इथे येऊन हिंडून गेली होती. आत एका टप्प्याला पूर्वी सरळ 'मोनोनोकेहिमेचं जंगल' अशी पाटी होती, आता नुसतं 'शेवाळलेलं जंगल' म्हणतात. बेटावर महिन्याला पस्तीस दिवस पाऊस पडतो अशी जुनी म्हण आहे आणि ती फार खोटी नाही, वर डोंगरात वर्षाला 8,000 मिलीमीटरच्या पुढे जातो. आता तुम्ही म्हणाल आंबोली-ताम्हिणी बघितलेल्या माणसाला शेवाळाचं काय कौतुक, मलाही तेच वाटलेलं. पण आपलं शेवाळ चार महिन्यांचं पाहुणं, दिवाळीनंतर कातळ परत काळा. तिथलं कधी वाळतच नाही. दगड, मुळं, पडलेले ओंडके, सगळ्यावर इतका जाड थर की कुठे दगड संपतो आणि कुठे झाड सुरू होतं कळत नाही, हात ठेवला तर बोटं आत जातात. हजार वर्षांच्या वरच्या सीडरलाच तिथे याकुसुगी म्हणतात, त्याच्या आतलं कोसुगी, म्हणजे अजून पोरगंच.

आणि एक गोष्ट मला तिथे गेल्यावरच कळली. हे जंगल काही माणसाचा हात न लागलेलं वगैरे नाहीये. एडो काळात (1603 ते 1868) इथले सीडर तोडून छपराच्या फळ्या काढायचे आणि त्या कर म्हणून भरायचे, तुम्ही चालता ती कुसुगावा वाटसुद्धा त्याच काळातली. मोठमोठे बुंधे तसेच उभे आहेत, या लाकडात राळ भरपूर म्हणून कुजत नाहीत, आणि त्या बुंध्यांच्या डोक्यावर नवीन झाड उगवून तेही आता म्हातारं झालंय. पिक्चरमध्ये जंगल आणि लोखंडवाले यांची मारामारी आहे, इथे ती मारामारी होऊन गेल्यानंतरचं जंगल बघायला मिळतं. मला हे फार आवडलं. जोमोन सुगी या प्रचंड जुन्या सीडरपर्यंतचा वेगळा ट्रेक आहे, जाऊन-येऊन 22 किलोमीटर, दहा तास, अंधारात निघायचं. पिक्चरसाठी जात असाल तर त्याची गरज नाही.

आता त्रासाचं. पावसाचा त्रास नव्हे, पाऊस हवाच तिथे. त्रास घड्याळाचा.

शिराताणीला वर जाणाऱ्या बस दिवसाला मोजून थोड्या, आणि आम्ही गेलो तेव्हा खाली येणारी शेवटची दुपारी चारच्या आसपास होती. ती चुकली तर खाली मियानोउरा बंदरापर्यंत डोंगर उतरून या, नाहीतर टॅक्सी बोलवा, आणि टॅक्सी बोलवायला फोनला रेंज पाहिजे. आम्ही सकाळी पावसामुळे उशिरा निघालो, म्हणजे पहिल्या पावलापासून डोक्यात उलटी मोजणी सुरू. शेवाळाच्या जंगलात पोचलो, सगळीकडे हिरवा अंधार, पाणी टपकतंय, दुसरा आवाज नाही, आणि मी काय करतोय तर मनगट बघतोय. तिथून वर त्सुजी खिंडीपर्यंत गेलो. खिंडीतून ताइको-इवा नावाचा कातळ जेमतेम पंधरा-वीस मिनिटं, त्यावरून सगळी दरी दिसते, पिक्चरमध्ये दिसते तशी. मित्र म्हणाला, "अरे चल ना, एवढं आलोय." मी म्हटलं, "वर वीस, फोटोला दहा, खाली पंधरा, आणि ओल्या दगडांवर तुझा गुडघा, नाही जमत." परत फिरलो. आणि गंमत अशी की उतरताना घाईघाईत इतके फास्ट आलो की बस यायला पन्नास मिनिटं शिल्लक. शेडमध्ये ओले मोजे पिळत बसलो. मित्र एक शब्द बोलला नाही, तो बोलला असता तर बरं झालं असतं.

परतीचं पण तेच. दक्षिणेकडच्या कागोशिमा शहरातून जी फास्ट बोट जाते ती दोन-अडीच तासात पोचवते, पण समुद्र खवळला की बंद, आणि बंद हे आदल्या रात्री किंवा त्याच सकाळी कळतं. आमची सुटली शेवटी, पण आदल्या संध्याकाळी आम्ही बेटावर असूनही बेट बघत नव्हतो, हवामानाचं ॲप बघत होतो, कारण पुढे शिनकानसेन (बुलेट ट्रेन) आणि त्याच्या पुढे फ्लाइट. मोठी फेरी स्वस्त आहे पण चार तास. छोटं विमान आहे, त्याचंही ढगांवर अवलंबून. फास्ट बोटीचं जाऊन-येऊन माणशी वीस हजार येनच्या वर धरा, आणि एक दिवस उगाच हातात ठेवा, तो नसेल तर माझ्या मते जाऊच नका. अर्थात हे माझं. तुमच्याकडे आरटीओतून काढलेलं इंटरनॅशनल परमिट असेल तर बेटावर गाडी भाड्याने मिळते, डावीकडूनच चालवायची, मग बसचं भूत निम्मं उतरलं. आम्ही काढलं नव्हतं. आळस, दुसरं काय.

2024 ला हे सगळं डोळ्यासमोर होतं, त्यात नऊ वर्षांची मुलगी बरोबर, आणि 2023 च्या ऑक्टोबरापासून रेल्वे पास 7 दिवसांचा 50,000 येन झालेला. म्हणजे पास न काढता कागोशिमापर्यंत खाली जायचं, मग बोट, मग बस, आणि त्या बसमध्ये माझं मनगट. नको म्हटलं.

तोमोनोउराचं जाणं सांगण्यासारखं काही नाहीच. ओसाकाहून शिनकानसेनने फुकुयामा तासाभरात, स्टेशनबाहेरून बस, अर्ध्या तासात बंदर. एक बस चुकली तर पुढची येते, आमची चुकलीच.

2005 मध्ये मियाझाकी इथे कड्यावरच्या एका घरात दोनेक महिने राहिले होते आणि 2008 ला 'पोन्यो' आला. पण आधीच सांगतो, पिक्चरमधल्या छोट्या सोसुकेचं घर दाखवणारी पाटी, समोर रांग, असलं काही मिळणार नाही. गावाने त्या बाबतीत फार दंगा केलेला नाही. मुलीने पहिल्या दहा मिनिटांत दोनदा विचारलं, "बाबा, पोन्यो कुठंय?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. छोटं अर्धगोल बंदर, 1859 चा दगडी दिवा, मागे अरुंद गल्ल्या, त्यातून गाडी आली की भिंतीला चिकटून उभं राहायचं. हे एवढंच का, असं बायकोच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

मग आम्ही दिव्याजवळच्या दगडी पायऱ्यांवर बसलो. या पायऱ्यांना गांगी म्हणतात, पाण्याची पातळी कुठेही असली तरी होडी लागावी म्हणून थेट पाण्यात उतरत जातात. मोठ्या भरतीला इथे पाणी तीन मीटरच्या वर चढतं. मुलीने पाण्याबाहेरच्या पायऱ्या मोजल्या, अकरा. डबा उघडला, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, ओसाकाहून आणलेली केळी. खाऊन होईपर्यंत दहा झाल्या. मग तिला नादच लागला, एक पायरी बुडाली की येऊन सांगायची. पोन्योमध्ये समुद्र गावात शिरून घराच्या दारापर्यंत येतो ना, तो सीन कुठल्या डोक्यातून आला असेल हे मला तिथे बसून पटलं, पाटी नसताना पटलं.

या गावाचा धंदाच मुळी थांबण्याचा होता. सेतो समुद्रात पूर्वेची आणि पश्चिमेची भरती साधारण इथेच भेटते आणि इथूनच परत फिरते, त्यामुळे शिडाची जहाजं तोमोला येऊन पाणी उलटायची वाट बघत बसायची. दिवा, पायऱ्या, धक्का, पहाऱ्याची चौकी आणि होडीचा तळ शेकून किडे मारायची जागा, जुन्या बंदराच्या या पाचही गोष्टी एकत्र फक्त इथेच उरल्यात असं तिथले लोक सांगतात. आणि उरल्यात त्या भांडून. 1983 पासून बंदराचा काही भाग भरून वरून पूल न्यायचा प्लॅन होता, गावातले लोक कोर्टात गेले, 2009 मध्ये हिरोशिमाच्या कोर्टाने तो अडवला आणि 2016 मध्ये सरकारने सोडून दिला. पूल झाला असता तर आम्ही पायऱ्यांवर बसून काँक्रीट बघितलं असतं.

बाकी भरभर. फुकुझेनजी देवळाच्या ताइचोरो हॉलमध्ये चटईवर बसून खिडकीतून बेटं बघायची, 1711 मध्ये कोरियन वकिलातीतला एक जण याला जपानातला एक नंबरचा देखावा म्हणून गेलाय. समोरच्या सेनसुइजिमाला पाच मिनिटांची फेरी आहे. होमेइशू नावाची 16 वनस्पती घातलेली औषधी दारू मिळते, दुकानात चाखायला देतात, बायको म्हणाली, "हे तर द्राक्षासव!" आणि खरंच तसंच लागतं. इरोहा नावाचं जुनं व्यापाऱ्याचं घर आहे, त्याच्या दुरुस्तीसाठी मियाझाकींनी स्वतः चित्रं काढून दिली होती.

खटकणाऱ्या गोष्टी तोमोमध्येही आहेत. पाचनंतर सगळं बंद, संध्याकाळी जेवायचं कुठे हा प्रश्न पडतो, मुक्काम नसेल तर फुकुयामाला परत जाणं बरं. शाकाहारी असाल तर गावाचा अभिमान म्हणजे ताइ मासा घातलेला भात, म्हणजे तुमचा अभिमान तुमच्याच डब्यात. (याकुशिमाला यापेक्षा वाईट होतं, ट्रेकवाल्यांचा डबा पहाटे चार-पाचला मिळतो हे खरंच छान, पण त्यात मासा बाजूला केला की भात आणि लोणचं.) आणि ज्यांना गेल्या गेल्या तोंडात बोट घालायला लावणारं काहीतरी पाहिजे त्यांना तोमो अळणी वाटेल, हे मी मान्य करतो.

तेव्हा विशी-तिशीत असाल, पाय धड असतील, परमिट असेल आणि हातात चार दिवस असतील तर याकुशिमाला जा, मी अडवणार नाही. तीनच दिवस असतील, बरोबर लहान मूल किंवा आई-वडील असतील, तर मी परत तोमोलाच जाईन, फक्त निघायच्या आधी भरतीची वेळ बघून घ्या. ओहोटी संपताना पोचलात की बरं, पायऱ्या बुडताना दिसतात.

मुलीचा आकडा अकरावरून चारवर आला तेव्हा बस गेली. कोणी उठलं नाही.

मित्राला हे सगळं सांगितलं तर म्हणतो पायऱ्या काय, मला ताइको-इवा बाकी आहे, कधी जायचं बोल. मी म्हटलं आधी आरटीओत जा.