टूना, तारली की बांगडा? टिनच्या माशाच्या स्वस्त सूपसाठी कुठला डबा घ्यावा

१ जूनपासून पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी ६१ दिवस बंद असते. त्या काळात पुण्यात ताजी मासळी महाग होते आणि निवडीला फारसा वाव राहत नाही. टिनचा डबा तेव्हा खरा उपयोगी. सूपसाठी घेताना मात्र माशाच्या नावाआधी तो कशात बुडवलाय ते बघा: मिठाच्या पाण्यात, तेलात की टोमॅटो सॉसमध्ये. डब्यातला मासा सील केल्यानंतर दाबाखाली पूर्ण शिजवलेला असतो, त्यामुळे पातेल्यात कितीही उकळला तरी ताज्या बांगड्याच्या डोक्याचा उतरतो तसा अर्क त्यातून उतरत नाही. जे उतरायचं ते डब्यातल्या रसात आधीच उतरलेलं असतं.

तुलना करताना किमतीला डब्याच्या वजनाने भागू नका, निथळलेल्या वजनाने भागा. ते लेबलवर ‘ड्रेन्ड वेट’ म्हणून बारीक अक्षरात असतं. १८५ ग्रॅमच्या टूनाच्या डब्यात मासा साधारण १३० ग्रॅम निघतो, १५५ ग्रॅमच्या सॉसमधल्या तारलीत ९० ते ९५. आकडा टूनाच्या बाजूने दिसतो, पण तारलीचा सॉस सगळाच्या सगळा सूपमध्ये जातो.

टूना म्हणजे आपला कुपा. काटा नाही, वास सौम्य, घरात लहान मूल किंवा मासा नव्याने खाणारं कुणी असेल तर हाच घ्या. सूपसाठी मात्र तो सगळ्यात फिका. डब्यात भरण्याआधीही त्याला बहुधा एकदा शिजवतात, त्यात बराचसा रस निघून जातो. ‘सॉलिड’ लिहिलेल्या महाग डब्याच्या वाटेला जाऊ नका; चमच्याने मोडायचाच आहे, तर ‘चंक्स’ किंवा ‘फ्लेक्स’ चालतात.

तारली टोमॅटो सॉसमध्ये असेल तर निम्मं काम झालेलं असतं. काटे इतके मऊ झालेले असतात की बोटांत चुरडतात. काढत बसू नका, कॅल्शियम त्यांतच आहे. सॉसला आंबटपणा आणि थोडी साखर असते, म्हणून वेगळा टोमॅटो अर्धाच आणि आमसूल अजिबात नको. नाहीतर सूपची चव केचपकडे झुकते.

मिठाच्या पाण्यातल्या बांगड्याचा रस सगळ्यात दमदार. मासळीची सवय असलेल्या घराने हाच घ्यावा. तिरफळं याच सूपला शोभतात: दोन-तीन, हलकी ठेचून, आतली काळी बी काढून. ४२५ ग्रॅमचा मोठा डबा मिळाला तर खालच्या प्रमाणाच्या दुप्पट सूप होतं.

तेलातला डबा कुठल्याही माशाचा असो, सूपसाठी शेवटचा पर्याय. सगळं तेल ओतलंत तर वर तवंग येतो. चमचाभर फोडणीला वापरा, उरलेलं आमलेटला.

तीन वाट्या सूपसाठी एक कांदा, एक मध्यम बटाटा (सुमारे १०० ग्रॅम), एक टोमॅटो, चार लसूण पाकळ्या, अर्धा इंच आलं, आठ-दहा मिरीदाणे, चिमूट हळद, दोन आमसुलं आणि साडेसहाशे मिली पाणी. चमचाभर तेलात ठेचलेला लसूण-आलं मंद आचेवर परता. लसूण तपकिरी झाला तर कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही, तेव्हा पुन्हा सुरुवात केलेली बरी. कांदा पारदर्शक झाला की हळद, बटाट्याच्या सेंटिमीटरभर फोडी आणि पाणी घाला, झाकून दहा मिनिटं शिजवा. टोमॅटो आणि आमसूल अजून बाहेरच. आंबट आधी गेलं की बटाटा कडक राहतो, वीस मिनिटं उकळलं तरी दाताखाली टचकन लागतो. फोडी मऊ झाल्यावर त्यांतला तिसरा हिस्सा पातेल्याच्या कडेला डावाने रगडा, दाटपणा तिथून येतो, कॉर्नफ्लोअर लागत नाही. मग टोमॅटो, कुटलेली मिरी आणि आमसूल घालून पाच मिनिटं.

डबा सगळ्यात शेवटी. आधी अर्धा रस घाला, चव बघा, मग उरलेला. मीठ त्यानंतरच, बहुतेक वेळा लागतच नाही. आता मासा मोठ्या तुकड्यांत सोडा, आच बारीक करा, दोन मिनिटांत गॅस बंद. खळखळ उकळलात तर टूनाच्या सुतळ्या होतात आणि तारलीचा चोथा. नारळाचं दूध घालायचं असेल तर आमसूल घालूच नका आणि दूध गॅस बंद केल्यावर घाला, नाहीतर फाटतं.

डब्याला खरा स्पर्धक ताजा मासा नाहीच, सुका जवळा आहे. कोरडा भाजून, दोनदा धुऊन मूठभर घातला तर चव टूनाच्या डब्याहून जास्त आणि खर्च बराच कमी. पोट मात्र डब्यानेच भरतं, आणि जवळा भाजल्याचा वास जिन्यातून तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो. शेजारी शाकाहारी असतील तर हिशेब वेगळा करावा लागतो.

फुगलेला, गंजलेला किंवा शिवणीवर चेपलेला डबा सवलतीतही घेऊ नका. उघडल्यावर उरलेला मासा डब्यातच ठेवू नका. काचेच्या भांड्यात, फ्रिजमध्ये, दोन दिवसांत संपवा. बाहेर तासन्‌तास राहिलेल्या टूना, तारली, बांगड्यात हिस्टामीन तयार होतं आणि ते पुन्हा उकळून जात नाही. जिभेला चुरचुरलं की टाकून द्या. भांड्याचा वास बेसन चोळून जातो, आणि रिकामा डबा धुऊन ठेवला तर भंगारवाला नाक मुरडत नाही.