पावसाळा काढलेली बेडरूम: दहा महिन्यांनंतर काय टिकलं, काय गळालं

मागच्या दिवाळीनंतर आम्ही बेडरूम घरच्या घरी सजवली त्याला आता दहा महिने झाले. गणपती गेले, पाऊस ओसरला, म्हणून आज लिहायला बसले. मुद्दामच थांबले होते, कारण नोव्हेंबरात काहीही लावा, छानच दिसतं, खरी परीक्षा जुलैत, आणि कोल्हापूरचा जुलै ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. आठ-आठ दिवस ऊन नाही, पंचगंगा पात्राबाहेर, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास आणि पश्चिमेच्या भिंतीला हात लावला तर गार ओलसर.

आमचं शिवाजी पेठेतलं जुनं घर, खोली दहा बाय अकरा, खिडकी एकच. वर पांढरी ट्यूब, खाली लोखंडी कॉट, आखूड पडदा. रात्री कामावरून आल्यावर त्या खोलीत बसावंसं कधी वाटायचं नाही, झोपायला म्हणून जायचं एवढंच. पाच हजारात जेवढं होईल तेवढं करायचं ठरवलं आणि ४,८५० मध्ये झालं.

सगळ्यात जास्त फरक कशानं पडला म्हणाल तर लाईटनं, आणि त्याला खर्च सगळ्यात कमी आला. बल्ब घेताना आपण वॉट बघतो, पण बॉक्सवर केल्विनचा आकडा पण असतो, ६५०० लिहिलेलं असेल तर प्रकाश दवाखान्यासारखा पांढरा निळसर, २७०० असेल तर पूर्वीच्या काचेच्या पिवळ्या बल्बसारखा. आम्ही २७०० वाले घेतले. दुसरी गोष्ट म्हणजे उजेड छतावरून खाली न आणता बसल्या उंचीला आणला. बुरूड गल्लीतून १५० रुपयांची बांबूची बुट्टी म्हणजे टोपली आणली, बुडाला भोक पाडून त्यात होल्डर बसवला आणि ५ वॉटचा एलईडी लावून कॉटच्या बाजूला पालथी टांगली. वायर आणि होल्डरचं काम आमच्या ह्यांनी केलं, तुम्हाला जमत नसेल तर वायरमनकडूनच करून घ्या, त्यात पैसे वाचवायला जाऊ नका. बल्ब बांबूपासून चार बोटं लांब राहिला पाहिजे, आणि एलईडीच लावा, जुना ६० वॉटचा बल्ब भयंकर तापतो, बुट्टीत तो कधीच नको. लाईट लागली की भिंतीवर विणीची जाळी पडते, माझी मुलगी पहिल्या रात्री त्या जाळीवर बोट फिरवत फिरवत झोपली.

बुट्टीची एक तक्रार आहे. मार्चमध्ये खाली उशीवर पिठासारखी बारीक भुकटी पडायला लागली, बघते तर बांबूला कीड. दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात ठेवली, झटकली आणि आतून-बाहेरून व्हार्निशचा हात दिला, त्यानंतर काही पडलं नाही. तुम्ही करणार असाल तर टांगायच्या आधीच व्हार्निश द्या.

पडद्याचं कापड गांधीनगरला घेतलं, इचलकरंजीचं जाडसर कॉटन, मीटरला ११०, पाच मीटर पुरलं. खिडकी चार फुटांचीच आहे पण कापड आठ फूट रुंद होईल असे दोन पट्टे केले, तरच चुण्या भरघोस पडतात, नाहीतर पडदा ताणलेल्या चादरीसारखा दिसतो. रॉड खिडकीच्या वर वीतभर चढवला आणि पडदा थेट फरशीपर्यंत सोडला, एवढ्यानंच खोली उंच वाटायला लागली. इथं माझी चूक झाली, कापड पाण्यातून न काढताच शिवायला टाकलं आणि पहिल्या धुण्याला दोन इंच आटलं. खाली तीन इंची दुमड ठेवलेली होती म्हणून उसवून भागलं. कॉटन आहे तर आधी रात्रभर पाण्यात ठेवा, वाळवा, मगच शिंप्याकडे द्या.

आता वाकळीबद्दल, म्हणजे गोधडीबद्दल, मला जरा सविस्तर लिहायचंय. बाजारात दीड-दोन हजाराचं कम्फर्टर बघून आले होते. सासूबाई म्हणाल्या, "कशाला पैसं घालवतीस, ट्रंकेत लुगडी पडल्यात की माझी." चार सुती लुगडी निघाली, तीन आत, एक वर, आणि महिना-सव्वा महिना रोज दुपारी बसून त्यांनी शिवली. कडेनं सुरू करायचं आणि चौकोनात फिरत फिरत मध्यापर्यंत यायचं, धावदोरा, टाका तांदळाच्या दाण्याएवढा. वर ठिगळं लावली त्यात एका कोपऱ्यात माझ्या मुलीच्या दुपट्याचा तुकडा आहे, ती अजून झोपताना तोच कोपरा स्वतःकडं ओढून घेते. दहा महिन्यांत वाकळ तीनदा धुतली, टाका कुठं उसवला नाही, धुईल तशी मऊ होत चाललीय. फक्त पावसाळ्यात धुवू नका. मी जूनच्या शेवटी धुतली, वाळायला पाच दिवस लागले आणि तो ओला वास जायला परत एकदा ऊन मिळेपर्यंत वाट बघायला लागली. मे महिन्यातच धुऊन ठेवायची.

सासऱ्यांनी पट्टणकोडोलीच्या यात्रेत घेतलेलं घोंगडं होतं ते कॉटखाली पायाशी अंथरलं, लोकर टोचते खरी पण फरशीचा गारठा तोडते. कपाटात ठेवताना कडुनिंबाचा वाळलेला पाला घालतो.

आता जे फसलं ते. विटांच्या डिझाईनचे फोमचे चिकट शीट मिळतात ना, ते मी ऑनलाईन मागवले, १२ शीट, १,१४० रुपये, म्हणजे सगळ्या खर्चातली सगळ्यात महाग वस्तू, आणि पश्चिमेच्या भिंतीला अर्ध्या उंचीपर्यंत लावले. सहा-सात महिने एकदम मस्त दिसलं, पाहुणे येऊन हात लावून बघायचे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एक कोपरा सुटला, मग दुसरा, आणि एका रात्री पाच शीट धपकन खाली आले. मागं भिंतीवर काळी बुरशी, तळहाताएवढे डाग, आणि डिस्टेंपरचे पोपडे शीटला चिकटून आलेले. भिंत बाहेरून पाणी पिते आणि ते पाणी आतल्या बाजूनं हवेत उडून जायला लागतं, मी ती वाटच बंद केली होती. सासूबाई लावतानाच म्हणाल्या होत्या, "अगं भिंतीला वारं लागू दे की." मला तेव्हा ते जुन्या लोकांचं बोलणं वाटलं आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. मुलीला त्या आठवड्यात खोकला होता, आम्ही तिला तिथं झोपवणंच बंद केलं आणि सगळे शीट काढून भिंत खरवडली. कोरडी भिंत असेल तर शीट टिकतही असतील, पण ओल असलेल्या भिंतीला ते लावू नका, वॉलपेपरपण नको.

ह्याच्या उलट कॉटमागच्या भिंतीला चुना दिला होता. जुना डिस्टेंपर खरवडून काढला, चुना रात्रभर भिजवून गाळला, त्यात थोडी पिवडी (पिवळ्या मातीचा रंग) आणि डिंक घालून तीन हात मारले. सायीसारखा रंग आला, आणि २७०० च्या उजेडात ती भिंत इतकी ऊबदार दिसते की फोटोत येतच नाही. चुन्यातून भिंत श्वास घेते आणि चुन्यावर बुरशी सहज धरत नाही, ह्या पावसात तिथं एक डाग आला नाही. तोटा एवढाच की टेकून बसलं की पाठीला लागतो, म्हणून पडद्याच्या उरलेल्या कापडाची दुहेरी पट्टी टेकायच्या उंचीला बांबूच्या काठीवर टांगली.

चायनीज तारेच्या लाईटची माळ दोन महिन्यांत गेली, त्याबद्दल लिहायलाच नको. मनी प्लांट छान आहे, आठवड्यातून पाणी बदलते.

पश्चिमेची भिंत सध्या उघडीच ठेवलीय, डाग दिसतात पण दिसू देत. बाहेरच्या बाजूला प्लास्टरला केसासारख्या भेगा आहेत, आधी त्या भरून घेणार, ऑक्टोबरच्या उन्हात भिंत पूर्ण वाळू देणार आणि मग तिलाही चुना. पिवडी अर्धा किलो उरलीय, ती पुरेल. सासूबाई आता दुपारी शिवायला ह्याच खोलीत बसतात, खिडकीपाशी उजेड बरा पडतो म्हणतात, दुसरी वाकळ निम्मी झालीय.