नोकरीची ऑफर न मिळता पदवी हातात आली: आयोगाची तयारी की वेर्ण्यात अ‍ॅप्रेंटिसशिप?

गोव्यात घरचे आधी सरकारी नोकरीचंच नाव काढतात. पूर्वी त्यात ओळखपाळख फार बोलली जायची. २०१९च्या कायद्याने कर्मचारी निवड आयोग आला आणि क वर्गाच्या (कारकुनासारख्या) पदांसाठी संगणकावर परीक्षा सुरू झाली. म्हणजे अभ्यासाला आता अर्थ आहे. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मात्र आधीच काढून ठेवा, ऐनवेळी मामलेदार कार्यालयात धावाधाव होते. कोकणी हवीच, मराठी असली तर उत्तम. खरी अडचण वेळेची. जाहिरात, परीक्षा, निकाल, नेमणूक यांत किती महिने जातील ते आपल्या हातात नाही, आणि तोवर बायोडेटा कोराच.

अ‍ॅप्रेंटिसशिप म्हणजे कंपनीत ठरावीक काळ काम करत शिकणं; तिचा कायदा १९६१चा. विद्यावेतन पगाराच्या मानाने कमी, आणि वर्षाअखेरीस कंपनीने कायम करावंच असं बंधन नाही. तरीही विज्ञान शाखेवाल्याने वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या औषध कंपनीत वर्ष काढलं, तर पुढच्या मुलाखतीत सांगायला प्रयोगशाळेचं खरं काम असतं. कॉलेजच्या प्रोजेक्टवर ते भागत नाही.

मी अ‍ॅप्रेंटिसशिप घेईन आणि आयोगाचा अभ्यास रात्री करीन. शिफ्ट ड्युटी असेल तर हे जमणं कठीण, म्हणून रुजू होण्याआधी वेळा विचारून घ्या.